साथीतले दोन हजार : कोणाला मिळाले, कोणाचे राहिले



करोनाच्या साथीत सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकले, हे सर्वांना ठाऊक आहे. किती टाकले, ते नवे होते की पूर्वीच ठरलेले होते, आणि ज्याच्या खात्यात आले तोच शेत कसणारा होता काय, हा हिशेब मात्र थोड्यांनीच केला. या पाठात देपालपूर तहसिलीचे उदाहरण धरून तो हिशेब आपण करू. घरात पावती, आधारकार्ड आणि बँकेचे पुस्तक असेल तर वाचताना जवळ घेऊन बसावे. साथ ओसरली असली तरी ज्या चुकांमुळे तेव्हा पैसे अडले त्याच चुकांमुळे आजही अडतात.

प्रथम ते दिवस आठवू. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. आपल्या माळव्यात गहू तेव्हा काढणीला आला होता, काहींच्या खळ्यावर येऊन पडला होता. इंदूर शहर साथीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले आणि तेथील मंड्या बंद पडल्या. देपालपूर, बेटमा, गौतमपुरा या भागाची सारी ये-जा इंदूरकडे. गहू, बटाटा, लसूण, कांदा आणि दूध यांची वाट एकदम अडली. मध्य प्रदेशात गव्हाची सरकारी खरेदी १५ एप्रिलला सुरू झाली, पण साथीच्या जोरामुळे इंदूर, भोपाळ व उज्जैन येथे ती मागाहून सुरू करावी लागली. धान्य घरात आणि पैसा नाही, असे ते दिवस होते.

२६ मार्च २०२० रोजी केंद्राच्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत शेतकऱ्यांसाठी असे सांगितले होते की पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात जमा होईल. तो जमा झालाही.

आता येथे थोडे थांबावे. पीएम किसान ही साथीची योजना नव्हे. तिचा आरंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला व १ डिसेंबर २०१८ पासून ती लागू धरली गेली. वर्षाला ६,००० रुपये, चार-चार महिन्यांनी २,००० चे तीन हप्ते, असा तिचा नियम. एप्रिल ते जुलै २०२० या काळाचा हप्ता त्या शेतकऱ्याला तसाही मिळणारच होता. साथीमुळे तो चार महिन्यांच्या अगदी आरंभी दिला गेला, एवढाच फरक. त्या वर्षी वर्षाचे ६,००० होते ते ६,००० च राहिले. ही मदत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मंडी बंद असताना हातात वेळेवर आलेली रक्कम उपयोगी पडतेच. पण घरमालकाने पुढच्या महिन्याचे भाडे थोडे लवकर मागितले तर भाडे वाढले असे आपण म्हणत नाही. त्याच न्यायाने हप्ता लवकर आला म्हणून हप्ता वाढला असेही म्हणता येत नाही.

खरोखर नवी होती ती मदत दुसरीच. जनधन खाते असलेल्या सुमारे २० कोटी स्त्रियांना एप्रिल, मे व जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये मिळाले, म्हणजे एकूण १,५००. शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो गहू किंवा तांदूळ आणि प्रत्येक कुटुंबाला १ किलो डाळ नेहमीच्या शिध्याखेरीज फुकट मिळू लागली. हे आरंभी तीन महिन्यांपुरते होते, ते नोव्हेंबर २०२० पर्यंत वाढवले गेले. पुढे मे २०२१ पासून डिसेंबर २०२२ पर्यंत जादा धान्य पुन्हा मिळाले. उज्ज्वला योजनेतल्या घरांना तीन टाक्या गॅस मिळाला. रोजगार हमीची मजुरी सरासरी १८२ वरून २०२ रुपये केल्याचे जाहीर झाले, परंतु ही देशाची सरासरी होती. मध्य प्रदेशात तो दर १७६ वरून १९० झाला. जाहीर आकडा आणि आपल्या हातात पडणारा आकडा यांत असा फरक असतो, म्हणून वर्तमानपत्रातला आकडा वाचला की "आपल्या राज्यात किती?" हे लगेच विचारावे.

राज्य सरकारनेही सप्टेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री किसान कल्याण योजना सुरू केली. पीएम किसानच्या यादीत असलेल्यांना वर्षाला आणखी ४,०००, दोन हप्त्यांत. केंद्राचे ६,००० आणि राज्याचे ४,००० मिळून १०,००० झाले. २०२३ मध्ये राज्याची रक्कमही ६,००० झाली. महाराष्ट्राने त्याच वर्षी नमो शेतकरी महासन्मान निधी या नावाने तशीच ६,००० ची भर घातली, हे तिकडे सोयरीक असलेल्या वाचकांना ठाऊक असेलच.

मे २०२० मध्ये २० लाख कोटींचा जो मोठा आकडा जाहीर झाला त्यात शेतकऱ्यांच्या नावाने पुष्कळ रकमा होत्या. त्यांतील बहुतेक कर्जे होती. किसान क्रेडिट कार्डावर २ लाख कोटींचे कर्ज, गोदामे व शीतगृहांसाठी १ लाख कोटींचा निधी, तोही कर्जाच्याच रूपाने. कर्ज वाईट नसते, पण ते फेडायचे असते. बँकांनी त्या काळात हप्ते ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत पुढे ढकलण्याची सवलत दिली तेव्हाही बऱ्याच जणांचा समज झाला की व्याजही थांबले. व्याज चालूच होते. पीककर्जाला मात्र वेगळी सूट होती : फेडीची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून वेळेवर फेडणाऱ्याचे सवलतीचे व्याज कायम ठेवले होते. ट्रॅक्टरचे कर्ज आणि पीककर्ज हे दोन वेगळे कागद आहेत, त्यांचे नियमही वेगळे.

दोन हजारांत काय येते

पैशाचे मोल धान्यात मोजावे, म्हणजे ते चटकन कळते. २०१९ च्या हंगामात गव्हाचा आधारभूत भाव क्विंटलला १,८४० होता. २,००० रुपयांचा हप्ता म्हणजे सुमारे १०९ किलो गहू. २०२० मध्ये भाव १,९२५ झाला, तेव्हा तोच हप्ता १०४ किलोंचा झाला. २०२५ मध्ये भाव २,४२५ होता आणि हप्ता २,००० चाच होता, म्हणजे ८२ किलो. सहा वर्षांत पाव क्विंटल गहू हप्त्यातून गळून गेला आणि कोणी कापून घेतल्याचे कोणाला दिसलेही नाही.

आता शिध्याकडे पाहू. पाच माणसांच्या घरात दरमहा २५ किलो जादा धान्य आले. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिन्यांचे २०० किलो. हा सारा गहू धरला तर १,९२५ च्या भावाने त्याची किंमत ३,८५० रुपये होते. याचा अर्थ असा की ज्या शिध्याकडे "मजुरांचा गहू" म्हणून काही जण नाक मुरडत होते, तो हप्त्याच्या जवळजवळ दुप्पट मोलाचा होता.

आणि या दोहोंपेक्षा मोठी गोष्ट तिसरीच. त्या उन्हाळ्यात मध्य प्रदेशात सुमारे १२९ लाख टन गव्हाची सरकारी खरेदी झाली आणि आपले राज्य पंजाबच्याही पुढे गेले. १,९२५ च्या भावाने ती रक्कम जवळपास २५ हजार कोटी रुपये होते. समजा, एखाद्याने आठ बिघे म्हणजे साधारण दोन हेक्टर गहू केला आणि ६० क्विंटल विकायला काढला. क्विंटलमागे केवळ १०० रुपये कमी मिळाले तरी ६,००० रुपये गेले, म्हणजे केंद्राची वर्षाची सारी मदत तेथेच संपली. संकटाच्या काळात काटा चालू राहणे, बारदान वेळेवर येणे आणि तोलाची पावती हातात पडणे याला खात्यातल्या हप्त्याहून मोठी मदत समजावे, असे माझे मत आहे. भाजीपाला, लसूण आणि बटाटा करणाऱ्यांना हा आधार नव्हता. त्यांचा माल सरकार घेत नाही, आणि साथीच्या यादीतही त्यांच्या नासलेल्या मालासाठी वेगळे कलम नव्हते. गारपीट झाली, पूर आला तर पटवारी पंचनामा करतो आणि आरबीसी ६-४ खाली भरपाई मिळते. मंडी बंद राहिल्यामुळे सडलेला माल त्या पुस्तकात बसत नाही.

अमेरिकेने याच साथीत उलट वाट धरली. एप्रिल २०२० मध्ये तेथील सरकारने १६ अब्ज डॉलर शेतकऱ्यांना थेट देण्याचे ठरवले आणि पीक कोणते, जनावरे किती, भाव किती पडला यावर रक्कम बांधली. त्यामुळे ज्याचा माल अधिक त्याला पैसा अधिक मिळाला. आपल्याकडे दोन बिघेवाल्याला आणि चाळीस बिघेवाल्याला सारखेच. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने आपली रीत बरी म्हणावी लागेल. परंतु तिच्यात एक मोठे भोक आहे, त्याकडे आता वळू.

शेत कसणारा कोण आणि शेतकरी कोण

या योजनेत शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो. नांगर कोण धरतो हे तेथे विचारत नाहीत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या कागदात नाव असले पाहिजे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हप्ता नाही, वारसाने आली असेल तर आहे. नवरा, बायको व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, त्याला एक हप्ता. शामिलाती खात्यात चार भावांची नावे असतील आणि चौघांचे संसार वेगळे असतील तर चौघेही पात्र ठरतात. आयकर भरणारे, १० हजार वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे (चतुर्थ श्रेणीचे सोडून), सरकारी नोकर (तेथेही चतुर्थ श्रेणी वगळून), डॉक्टर, वकील, इंजिनियर हे त्यातून बाहेर आहेत. घरातल्या एकाने मागच्या वर्षी आयकर भरला असेल तर ते सारे कुटुंब बाहेर जाते. काहींनी अजाणता पैसे घेतले व पुढे त्यांना परत करण्याच्या नोटिसा आल्या. तशी रक्कम खात्यात येत असेल तर ती खर्च न करता तहसिलीत जाऊन परत करण्याची रीत विचारावी.

आता बटाईदार पाहा. जमीनमालक इंदुरात राहतो, शेत गावातला माणूस बटाईने किंवा मुनाफ्याने करतो. बी त्याचे, खत त्याचे, रात्री पाणी लावायला तो जातो. मंडी बंद पडली तेव्हा तोटाही त्याचाच झाला. हप्ता मात्र मालकाच्या खात्यात गेला. बटाईदाराच्या वाट्याला शिधा, बायकोच्या जनधन खात्यातले १,५०० आणि काम निघाले तर रोजगार हमीची मजुरी एवढेच आले. केंद्राची आणि राज्याची मिळून १०,००० ची जी बेरीज आपण वर केली, तीत त्याच्या नावापुढे शून्य लिहावे लागते. साथीतल्या मदतीचा सर्वांत कच्चा दुवा हाच होता.

यावर अर्धामुर्धा उपाय कायद्यात आहे आणि तो फारच थोडे लोक वापरतात. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा केला. त्याप्रमाणे मालक व बटाईदार यांनी लेखी करार करावा व त्याची प्रत तहसीलदाराकडे द्यावी. असा करार असला म्हणजे मालकाची मालकी जात नाही, आणि पीक बुडाल्यास मिळणारी भरपाई व विम्याची रक्कम करारात ठरल्याप्रमाणे वाटून घेता येते. मालकांना भीती असते की कागद केला की कूळ लागेल. ती भीती काढण्यासाठीच तर हा कायदा झाला. पीएम किसानचा हप्ता या करारानेही बटाईदाराला मिळत नाही, हे खरे. पण मुनाफ्याची रक्कम ठरवताना "हप्ता तुम्हाला येतो, तेवढी रक्कम मुनाफ्यातून कमी करा" असे बोलता येते. नीट समजावून सांगितले तर ही मागणी कोणाही सज्जन मालकाला पटावी.

पैसे का अडतात

पीएम किसानची यादी हीच राज्याच्या योजनेचीही यादी आहे. म्हणून एका चुकीने दोन्हीकडचा हप्ता बुडतो. आधारकार्डावर नाव एका रीतीने, खसऱ्यात दुसऱ्या रीतीने आणि बँकेत तिसऱ्याच रीतीने लिहिलेले असते. खसऱ्यात आजोबांच्या काळचे घरगुती नाव चढलेले असते. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे व सासरचे नाव असा घोळ होतो. अशा वेळी आधार दुरुस्त करावे की जमिनीचा कागद, हे आधी पटवाऱ्याला विचारावे. घाईने दोन्ही बदलले की पुन्हा दोन्ही जुळत नाहीत.

दुसरे कारण खात्याचे. पैसे आता आधारच्या आधारे जातात. ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडले गेले त्या खात्यात ते पडतात, मग अर्जात कोणतेही खाते लिहिलेले असो. सोसायटीच्या खात्यात हप्ता दिसत नाही म्हणून "आला नाही" असे ठरवण्यापूर्वी घरातली सारी खाती तपासावी. २०१९ मध्ये एका बँकेत, पुढे कियोस्कवर आणखी एक खाते उघडले, असे पुष्कळांचे झालेले असते.

तिसरे कारण ई-केवायसी, म्हणजे हप्ता घेणारा माणूस खरोखर तोच आहे याची खात्री. येथे शेतीचा प्रश्न आरोग्याला येऊन भिडतो. अंगठ्याचे यंत्र बोटावरच्या रेषा वाचते. ज्यांनी जन्मभर माती, खत, सिमेंट हाताळले त्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. उन्हाळ्यात त्या भेगाळतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तर यंत्राला दिसतच नाहीत. यंत्र "जुळत नाही" म्हणते व वृद्ध माणूस आपल्याच नावासाठी चार खेपा घालतो. जाण्याच्या आधी दोन-तीन रात्री हातांना खोबरेल किंवा गोडेतेल चोळावे. जाताना हात साबणाने धुऊन पुरते कोरडे करावे, कारण तेलकट बोटही यंत्राला चालत नाही. अंगठा लागत नसेल तर दुसरी बोटे लावून पाहावी. तरीही जमले नाही तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या आकड्याने किंवा चेहरा दाखवून खात्री करता येते, चेहऱ्याची सोय २०२३ पासून आहे. मोबाईलवर आलेला आकडा मात्र फोनवरून विचारणाऱ्या कोणालाही सांगू नये. हप्त्याच्या नावाने येणारे दुवे व अॅप उघडू नयेत.

साथीत याच यंत्राची आणखी एक भीती होती. एका काचेवर शंभर लोकांचे अंगठे. त्यासाठी बँकांनी एप्रिल २०२० मध्ये जनधनचे पैसे काढायला खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस नेमून दिले होते : ० आणि १ वाल्यांना ३ एप्रिल, २ आणि ३ वाल्यांना ४ एप्रिल, मग सुट्या सोडून ७, ८ आणि ९ एप्रिल. साधीच युक्ती, पण गर्दी फोडणारी. खोकल्या-तापाच्या कोणत्याही साथीत सोसायटीवर, शिध्याच्या दुकानात व कियोस्कवर असे दिवस वाटून घेता येतात. त्याला सरकारी हुकूम लागत नाही. अंगठा लावल्यावर हात धुण्यापूर्वी डोळ्यांना, नाकाला लावू नये.

तक्रारीसाठी केंद्राचा क्रमांक १५५२६१ आणि राज्याची सीएम हेल्पलाइन १८१ आहे. तक्रार केली की तिचा क्रमांक लिहून घ्यावा. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजावे.

ज्या घरातला कर्ता गेला

हा भाग सर्वांत अवघड. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेत ज्या घरांतला शेतकरी गेला, तेथे हप्त्याचा विचार कोणाला सुचणार? पण जमीन मृताच्या नावावर राहिली की हप्ता थांबतो, पीककर्ज मिळत नाही, आधारभूत भावाची नोंदणी अडते. काही ठिकाणी मृताच्या खात्यात हप्ता येत राहतो आणि घरचे कार्डाने तो काढतात. तो पैसा पुढे परत मागितला जातो. मृत्यूचा दाखला घेऊन पटवाऱ्याकडे किंवा तहसिलीत फौती नामांतराचा अर्ज द्यावा. त्यात विधवेचे नाव मुलांच्या बरोबरीने यावे, मुलींचीही नावे यावीत. "आईचे नाव कशाला, मुलांचे आहे ना" असे म्हणून ते गाळणारे दीर-भावजी असतात, त्यांना नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा. नाव चढले की विधवा स्वतःच्या आधारावर नवा अर्ज करू शकते. जमीन वारसाने आलेली असल्यामुळे १ फेब्रुवारी २०१९ ची अट तिला आड येत नाही.

करोनाने गेलेल्या प्रत्येक माणसामागे वारसाला ५०,००० रुपये देण्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये ठरले. तपासणीत रोग निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो घरी झाला असला तरी धरायचा, आणि दाखल्यावर करोना शब्द नाही एवढ्याच कारणाने नाकारायचे नाही, असे न्यायालयाने बजावले. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी अर्जाची मुदत पुढे ठरवून दिली व ती कधीच सरली. परंतु खऱ्या अडचणीमुळे ज्यांचा अर्ज राहिला त्यांना जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाण्याची वाट न्यायालयाने ठेवली होती. अशा घराने तपासणीचा कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा एका पिशवीत एकत्र करून इंदूरच्या कलेक्टर कचेरीत विचारणा करावी. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांची शाई उडते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स प्रती आधी काढून घ्याव्यात.